मराठवाड्यातून पहिल्यांदा स्कीइंगला जाताना

आपल्याकडून हिवाळ्यात पुष्कळ कुटुंबं काश्मीर नाहीतर मनालीच्या पॅकेजवर जातात. पॅकेजच्या कागदावर 'स्कीइंग' असंही छापलेलं असतं. प्रत्यक्षात गाडी दुपारी पोचते, भाड्याचा कोट आणि गमबूट चढवले जातात, कुणीतरी पायात स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, अडकवून हाताला धरून थोडं ओढत नेतो, फोटो निघतो आणि परतीची घाई सुरू होते. एवढ्यासाठी दोन हजार किलोमीटर जाऊ नये. बर्फावर आपल्या पायांनी घसरत जाणं, हवं तिथं वळणं आणि हवं तिथं थांबणं हे धडधाकट माणसाला तीन-चार दिवसांत बऱ्यापैकी जमतं, मग तो मनालीचा असो की परभणीचा. त्यासाठी एका ठिकाणी, एका शिक्षकाकडे, सलग तीन दिवस तरी द्यावे लागतात. तारखा, कपडे, व्यायाम ही सगळी तयारी त्या तीन दिवसांसाठी करायची आहे.

ठिकाण कोणतं निवडावं

पहिल्या खेपेला मी गुलमर्ग सुचवेन. श्रीनगरपासून रस्त्यानं साधारण ५० किलोमीटर, उंची २,६५० मीटरच्या आसपास. गावाजवळचे उतार रुंद आणि मंद आहेत, पडायला भरपूर जागा आहे, आणि शिक्षक, भाड्याचं सामान, राहण्याची हॉटेलं सगळं जवळजवळ आहे. केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था इथंच आहे. तिचे अभ्यासवर्ग हिवाळ्यात भरतात आणि जागा लवकर संपतात, म्हणून चौकशी दिवाळीच्या सुमारास करून ठेवावी. आणखी एक सोय आपल्या लोकांना विशेष आहे. काश्मिरी शिक्षक हिंदी-उर्दूत शिकवतात आणि मराठवाड्यातल्या माणसाला ती बोली लहानपणापासून कानावरची असते. उतारावर सूचना क्षणात कळावी लागते, तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

उत्तराखंडातलं औली दुसरं ठिकाण. तिथं समोर ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी दिसते आणि गढवाल मंडळ विकास निगम ७ व १४ दिवसांचे वर्ग चालवतं. ज्याला पूर्ण आठवडा देता येतो त्याच्यासाठी हा शिस्तीचा मार्ग आहे. मात्र ऋषिकेशहून जोशीमठापर्यंतचा घाटरस्ता साधारण २५० किलोमीटरचा, म्हणजे एक पूर्ण दिवस जातो. जोशीमठाहून औलीला नेणारा प्रसिद्ध रोपवे २०२३ च्या सुरुवातीला तिथली जमीन खचू लागल्यावर बंद झाला, तेव्हा वरपर्यंत गाडीनंच जायचं धरून चाला. मनालीजवळची सोलंग दरी पोचायला सोपी आहे, पण हंगामात तिथं इतकी गर्दी होते की मोकळा उतार मिळवायला सकाळी लवकर उठावं लागतं. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत नाव घातलं तर गोष्ट वेगळी. तिचे स्कीइंगचे वर्ग नीट शिकवणारे आहेत.

तारखा

नाताळ-नववर्षाचा आठवडा टाळा. दर दुप्पट असतात आणि बर्फाची खात्री नसते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', म्हणजे सर्वांत कडाक्याची थंडी, धरतात. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ मला नवशिक्यासाठी सगळ्यांत चांगला वाटतो. बर्फाचा थर तोवर साचलेला असतो आणि दिवस थोडे मोठे झालेले असतात. शेतकरी घराच्या हिशेबातही हे बसतं. कापसाची वेचणी उरकत आलेली, तुरीची रास झालेली, वेळा अमावस्या आणि संक्रांत पार पडलेली, आणि हरभरा काढायला अजून अवकाश. घरात बारावीचं लेकरू असेल तर मात्र त्या वर्षी हा बेत नको.

तरीही निसर्गाचा भरवसा धरू नका. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास कोरडं पडलं होतं आणि बर्फ फेब्रुवारी लागताना आला. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फाअभावी मार्चवर ढकलावा लागला. म्हणून हॉटेलचं आरक्षण करताना रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असं बघा, आणि निघायच्या आठवडाभर आधी शिक्षकाला फोन करून खालच्या उतारावर किती बर्फ आहे ते थेट विचारा. वरच्या डोंगरावरचा बर्फ आपल्या कामाचा नाही.

जाणं-येणं

नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दिल्लीमार्गे अमृतसरला जाते. संभाजीनगरहून दिल्लीला विमानही आहे, आणि दिल्लीहून श्रीनगरला दिवसभर विमानं असतात. रेल्वेनंच पूर्ण जायचं असेल तर कटऱ्यापासून श्रीनगरपर्यंत जून २०२५ पासून वंदे भारत धावते. चिनाबवरचा पूल त्या वाटेवरच लागतो. लातूर-धाराशिवच्या लोकांना हैदराबाद किंवा पुण्याहून विमान धरणं सोयीचं पडेल.

यातली खरी अडचण धुक्याची. जानेवारीत उत्तरेतल्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात. दिल्लीत गाडी बदलायची असेल तर मध्ये रात्र ठेवा आणि परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा सोडा. गुलमर्गच्या खाली १३ किलोमीटरवर तंगमर्ग आहे. ताजा बर्फ पडलेला असेल तर तिथून वर चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडीच जाते. त्याचे पैसे वेगळे लागतात, ते आधीच धरून ठेवावेत. आधार कार्ड जवळ ठेवा. आणि मोबाइलचं कार्ड पोस्टपेड हवं, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरच्यांचा फोन लागेना म्हणून इकडे उगाच काळजी सुरू होते.

पाय दोन महिने आधी तयार करा

स्कीइंगमध्ये दिवसभर गुडघे वाकवून उभं राहायचं असतं. तिथं मांडीच्या पुढच्या स्नायूंची परीक्षा होते. बहुतेक नवशिके दुसऱ्या दिवशी दुपारी पडू लागतात ते याच कारणानं. शिकलेलं विसरत नाही, पाय थकतात. यावर आपल्या उठाबशा उत्तम. रोज सकाळी सावकाश, खाली जाताना वेळ घेऊन करा. मग भिंतीला पाठ टेकवून, मांड्या जमिनीला समांतर ठेवून थांबा. सुरुवातीला अर्धा मिनिट, पुढं दीड-दोन मिनिटं. एका पायावर उभं राहून दात घासायची सवय लावली तर तोलही सुधारतो.

सुट्टीच्या दिवशी देवगिरीचा किल्ला चढा, नांदेडकरांनी माहूरचा गड करावा. तिथं चढण्यापेक्षा उतरण्याकडं लक्ष द्या. पायऱ्या उतरताना मांडीवर जो भार येतो तोच बर्फावर येणार आहे. गुडघ्याचं जुनं दुखणं, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि त्यांना उंचीचा आकडा सांगा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर आहे, गुलमर्ग गाव त्याहून हजार मीटर वर आहे.

काय विकत घ्यायचं, काय भाड्यानं

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्यानं घ्या. पाणी न शिरणारी पँट आणि जाकीटही तिथं भाड्यानं मिळतं. ते स्कीइंगचंच आहे ना हे बघून घ्या. पर्यटकांना वाटेत देतात ते लांब कोट आणि गमबूट बर्फात उभं राहायला ठीक, स्कीइंगला निरुपयोगी. विकत घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत. अंगालगत घालायचे थर्मलचे दोन जोड, एक फ्लीसचा स्वेटर, गुडघ्यापर्यंतचे दोन जोड मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे आणि गॉगल. हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात, तिथं थर्मल आणि लोकरी कपडे चांगले मिळतात.

सुती बनियन मात्र घरी ठेवा. आपल्याला सुताची सवय आहे आणि उन्हाळ्यात त्यासारखं काही नाही, पण बर्फावर शिकताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. गुलमर्गला जानेवारीत रात्री तापमान उणे १० च्या आसपास जातं. दिवसा ऊन असलं तर हालचालीत गरमही होतं, म्हणून एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ थर घालावेत आणि हवे तसे काढावेत.

उन्हाची गोष्ट गांभीर्यानं घ्या. आपण मे महिन्यात ४२ अंशांत फिरणारी माणसं, हिवाळ्यातल्या उन्हाचं काय, असं वाटतं. पण उंचीवर अतिनील किरण जास्त तीव्र असतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन खालूनही लागतं. हनुवटीखाली आणि नाकाच्या आतल्या कडेलासुद्धा सनस्क्रीन लावा, दुपारी पुन्हा लावा. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका. डोळ्यांना त्या झळाळीनं इजा झाली तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि पुढचा दिवस खोलीत जातो. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल शोधावा.

बुटांवर पूर्ण सकाळ गेली तरी चालेल

पहिल्या सहलीचं सुख-दुःख जर कशावर ठरत असेल तर बुटांवर. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो आणि घोट्याला घट्ट धरतो, कारण पायानं दिलेला इशारा त्याच्यातूनच स्कीपर्यंत पोचतो. ढिला बूट घेतला तर पाय आत फिरतो आणि स्की सरळच जाते. नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घेण्याची आपली सवय इथं नुकसान करते.

सगळे बकल उघडून पाय आत घाला, टाच मागं आपटून बसवा, मग बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं हलकी टेकावीत. गुडघे वाकवून पुढं झुकल्यावर ती किंचित मागं सरकली पाहिजेत. टाच उचलायचा प्रयत्न केला तर ती उचलली जाऊ नये. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला सगळीकडं सारखी लागली पाहिजे, एका जागी टोचता कामा नये. मोजा एकच घाला. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर रक्त पुरेसं फिरत नाही आणि पाय उलट गार पडतात. थर्मलची किनार किंवा पँटचं टोक बुटात गेलं तर तासाभरात तिथं वळ उठतो. दुकानात पाच-दहा मिनिटं तसंच चालून बघा आणि टोचत असेल तर निःसंकोच दुसरा जोड मागा.

नवशिक्याला स्की आखूड हवी, उभी धरल्यावर हनुवटीपर्यंत येणारी. लांब स्की वेगानं जाते आणि वळत नाही. बूट ज्या कड्यांत अडकतो त्यांना बाइंडिंग म्हणतात. जोरात पडल्यावर ती सुटावी म्हणून तिच्यावर आकड्यांची पट्टी असते, आणि वजन, उंची, वय व सराव बघून ती लावायची असते. वजन खरं सांगा. दुकानदारानं काही न विचारता स्की हातात दिली तर त्याला ती पट्टी लावायला सांगा. पडताना स्की सुटली नाही तर गुडघ्याचा अस्थिबंध फाटू शकतो, इतकी ही बाब महत्त्वाची आहे.

शिक्षक ठरवताना

गाडीतून उतरल्याबरोबर भोवती गर्दी होते. कुणी स्लेजचं विचारतं, कुणी स्कीचं. त्या लोकांचं पोट त्यावर आहे, त्यांच्याशी नीट बोला, पण शिक्षक तिथं ठरवू नका. संस्थेकडून, पर्यटन खात्याच्या नोंदणीतून किंवा हॉटेलमधून नावं घ्या. दिवसाचे किती तास, सामान त्यात धरलंय की वेगळं, आणि एका वेळी किती विद्यार्थी, हे तीन प्रश्न विचारा. तिघं-चौघं मिळून एक शिक्षक घेतला तर परवडतं आणि दुसरा पडताना बघूनही शिकता येतं. नवऱ्यानं बायकोला किंवा आधी शिकलेल्या मित्रानं मित्राला शिकवायला जाऊ नये. त्यात शिकणं होत नाही आणि संध्याकाळी कुणी कुणाशी बोलत नाही.

आई-वडील सोबत असतील तर त्यांच्यासाठी गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचा, पहिला टप्पा, कोंगडोरीपर्यंतचा, छान आहे. तिकीट आधी ऑनलाइनच काढावं लागतं. दुसरा टप्पा जवळपास ३,९५० मीटरवर अफरवटला नेतो. तिथं हवेचा दाब, आणि म्हणून श्वासातला ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो. वयस्कर माणसांना पहिल्या दिवशी तिथं नेऊ नका.

पहिला दिवस उतारावर

पोचल्याच्या दिवशी शिकायला लागू नका. आराम करा, पाणी प्या, दारू टाळा. डोकं दुखलं, मळमळलं तर उंचीचा त्रास समजा. त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच उपाय आहे. डबा सोबत असेल तर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी थंडीत चार दिवस सहज टिकते, आणि उतारावर दुपारी खायला त्याहून सोपं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षक आधी सपाटीवर चालायला लावेल. बुटाच्या तळव्याचा बर्फ झटकायचा, आधी चवडा बसवायचा, मग टाच दाबायची, की खट् आवाज येतो. एका पायात स्की घालून चकरा मारा, मग दोन्हींत. यात तास गेला तरी कंटाळू नका. मग आडवं उभं राहून एकेक पाऊल वर सरकत थोडं चढायचं आणि सपाटीकडं सरळ घसरत यायचं. उतार असा निवडलेला असतो की स्की आपोआप थांबते.

त्यानंतर थांबायला शिकायचं. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायची, म्हणजे इंग्रजी व्ही उलटा दिसेल. टाचा बाहेर ढकलल्या की स्कीची आतली कड बर्फात रुतते आणि वेग कमी होतो. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. हे शंभरदा करा. थांबता येत नाही तोवर वरच्या उताराचं नाव काढू नका, शिक्षक म्हणाला तरी. वळणं यातूनच निघतं. उजव्या पायावर वजन दिलं की तुम्ही डावीकडं वळता, डाव्यावर दिलं की उजवीकडं.

आता सगळ्यांत कठीण भाग. उतार दिसला की शरीर घाबरतं आणि मागं झुकतं. घरात, रस्त्यावर, विहिरीच्या पायऱ्यांवर हीच सवय आपल्याला वाचवते. स्कीवर तीच पाडते. वजन टाचेवर गेलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, ते वळत नाही, थांबवत नाही, आणि वेग वाढतच जातो. म्हणून जितकी भीती वाटेल तितकं नडगीनं बुटाची जीभ दाबायची, गुडघे वाकवायचे, दोन्ही हात आपल्याला दिसतील असे पुढं धरायचे. नजर पायांकडं नको. सायकल शिकताना चाकाकडं बघणारा जसा पडतो तसंच इथं होतं. शिक्षक दिवसभर 'घुटने मोड़ो, आगे देखो' एवढंच ओरडत राहील, आणि ते अगदी बरोबर आहे. ज्या क्षणी दरीच्या दिशेनं झुकायचं धाडस होतं, त्या क्षणी स्की तुमचं ऐकू लागते. हा अनुभव कुणालाही मिळावा असं मला मनापासून वाटतं.

पडणं तर होणारच. तोल गेलाच तर कुशीवर, डोंगराच्या बाजूला बसा आणि घसरणं थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका. पडताना काठ्या सोडून द्या. मुठीत काठी राहिली तर अंगठा मुरगळतो. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि आपल्या खालच्या बाजूला आणा, मग हातानं रेटून उभे राहा. जमलं नाही तर वरच्या पायाची स्की काढा.

लिफ्ट आणि उतारावरची शिस्त

ड्रॅग लिफ्टचा, म्हणजे उतारावर वर ओढून नेणाऱ्या यंत्राचा, दांडा पकडला की त्यावर बसायचं नाही. उभं राहायचं आणि त्याला ओढू द्यायचं, स्की समांतर ठेवायच्या. वाटेत पडलात तर दांडा सोडून लगेच बाजूला व्हा, मागून दुसरा येत असतो.

उतारावर जगभर एकच मूळ नियम आहे: पुढच्याचा हक्क आधी. खालचा माणूस तुम्हाला बघू शकत नाही, त्याला चुकवणं वरच्याची जबाबदारी. थांबायचं तर कडेला थांबा, अरुंद जागी किंवा उंचवट्यामागं नको. पुन्हा निघताना वर बघा. लेकाकडं परदेशात जाऊन स्कीइंग करणार असाल तर उताराच्या पाट्यांचे रंग लक्षात ठेवा. अमेरिकेत हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा कठीण. युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण.

तिसऱ्या दिवशी आत्मविश्वास येतो आणि कुणीतरी वर अफरवटला चला म्हणतं. नको. तो भाग जाणकारांचा आहे, तिथं बहुतेक ठिकाणी मोकळा, न दाबलेला बर्फ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. दोर बांधून बंद केलेल्या भागात तर कुणाच्याही सांगण्यावरून शिरू नका.

दुपारी तीननंतर पाय जड होतात, बर्फ पुन्हा गोठून कडक होतो आणि उजेड सपाट पडल्यानं खड्डे दिसत नाहीत. 'अजून एकच फेरी' त्या वेळी टाळा, सामान परत करा, गरम नून चहा, म्हणजे काश्मिरी खारा चहा, घ्या. निघण्याआधी विमा काढलेला असेल तर त्यात साहसी खेळ धरलेत का हे वाचून घ्या. पुष्कळ प्रवास विम्यांत ते वगळलेले असतात आणि वेगळा हप्ता भरून घालता येतात. शेवटच्या दिवशी शिक्षकाकडून पुढच्या खेपेला कुठून सुरुवात करायची ते विचारून लिहून ठेवा, बुटाचं माप आणि स्कीची लांबीही त्याच कागदावर लिहा.